दिवेलागण, कुंचा आणि कोळी

व्हाइटफील्डमध्ये व्हरांडा आधी आला, आयटी पार्क फार नंतर. 1882 साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी बंगळुरूच्या पूर्वेकडचं सुमारे चार हजार एकर माळरान युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला दिलं. असोसिएशनचे डी. एस. व्हाइट यांच्या नावानं तिथं वसाहत उभी राहिली. मधोमध गोल मैदान, भोवती रस्त्याचं कडं, आणि त्या कड्यावर बंगले. त्या भागाला आजही इनर सर्कल म्हणतात. कौलारू छप्पर, पुढे ऐसपैस व्हरांडा आणि त्याच्या माथ्यावर लाकडी पट्ट्यांची जाळीदार झापड, जिला बंगळुरात मंकी टॉप म्हणतात. ऊन अडावं, वारा खेळावा म्हणून केलेली ही रचना. वर पावसाला आडोसा, खाली शेकडो कोपरे, समोरून किड्यांना वाट मोकळी. कोळ्याला याहून अधिक काही लागत नाही.

ते बंगले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. नव्वदच्या दशकात इंटरनॅशनल टेक पार्क आलं, 2023 च्या मार्चमध्ये मेट्रो आली, आणि मधल्या काळात माळरानाचे व्हिला आणि मनोरे झाले. व्हरांड्याला आता सगळेच सिट-आऊट म्हणतात. पुण्या-नाशकाहून, कोल्हापूर-सांगलीहून आलेल्या मराठी घरांनी तिथं झोपाळा टांगला, तुळस ठेवली, चपलांचं कपाट भिंतीला लावलं. नाव बदललं, आकार आक्रसला, कोळी मात्र आहेत तिथंच आहेत.

तक्रार खरं तर कोळ्याची नसतेच, जाळ्याची असते. गावाहून सासूबाई येतात, बॅग खाली ठेवायच्या आत वर बघतात आणि विचारतात, “अगं, दारातच जळमटं? या घरात कुणी राहतं की नाही?” या प्रश्नावर उत्तर नसतं. ज्या वास्तूला जळमटं लागली ती माणसानं सोडलेली, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. सूनबाईंना फवारणीवाला बोलवायचा नसतो, कारण घरात रांगतं मूल असतं आणि सोफ्याखाली मांजर. मग ‘नैसर्गिक’ उपायांचा शोध सुरू होतो. पुदिन्याचं तेल, लिंबाची सालं, व्हिनेगर, निलगिरी, कडुनिंब. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रत्येकाकडे एक हमखास नुस्खा असतो. आधीच्याचा फसला, असं सांगायला मात्र कुणी येत नाही.

यातल्या काही नुस्ख्यांची खरोखरच परीक्षा झालेली आहे. कॅनडात अँड्रियास फिशर आणि सहकाऱ्यांनी तीन गोष्टी तपासल्या: लिंबाचं तेल, पुदिन्याचं तेल आणि हॉर्स चेस्टनटची फळं. समोर तीन जातींचे कोळी. 2018 साली निष्कर्ष छापून आला. सगळ्यांत लाडका उपाय म्हणजे लिंबू, आणि त्याचा कोळ्यांवर काडीचाही परिणाम दिसला नाही. पुदिना आणि चेस्टनट यांच्यापासून दोन जाती लांब राहिल्या. तिसरीनं फारसं मनावर घेतलं नाही. चेस्टनट व्हाइटफील्डच्या बाजारात मिळायचं नाही, तेव्हा तो विषय तिथंच मिटतो. लिंबाबद्दल मात्र हळहळ वाटते. अमावस्येला दारावर बांधलेल्या लिंबू-मिरचीनं दृष्ट टळत असेलही. तिच्या दोऱ्याला जाळ्याचं टोक चिकटवणाऱ्या कोळ्याला तिची पत्रास नाही. प्रयोगशाळा नसती तरी हे कळण्यासारखं होतं. नागपूरकडच्या संत्र्यांच्या बागांत काय कमी कोळी असतात?

निलगिरीची गोष्ट याहून मजेशीर. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. टिपू सुलताननं 1790 च्या सुमारास नंदी हिल्सवर ते लावलं, आणि पुढे कोलार-बंगळुरू पट्ट्यात त्याची रानंच्या रानं उभी राहिली. ज्या देशातून हे झाड आलं त्या देशातले कोळी हजारो पिढ्या याच झाडांच्या सालीखाली संसार करत आले आहेत. बाटलीतल्या चार थेंबांनी इथले कोळी गाशा गुंडाळतील, ही अपेक्षा जरा भाबडीच.

राहिला पुदिना. कोळ्याला नाक नसतं. वास आणि चव तो पायांवरच्या सूक्ष्म केसांनी ओळखतो. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 च्या जानेवारीत दाखवून दिलं, की आर्जिओपी वंशातल्या एका जातीच्या नराच्या पायांवर वास टिपणारे असे हजारो केस असतात आणि मादीचा गंध तो त्यांनीच हुंगतो. मादीच्या पायांवर मात्र तसे केस सापडले नाहीत. दारातल्या मोठ्या जाळ्यात ठाण मांडून बसलेली असते ती बहुतेक मादीच. तरी कॅनडात पुदिन्यापुढे कोळी मागे हटले, म्हणजे ती तिखट वाफ कुठे ना कुठे झोंबते हे खरं. अडचण वेगळी आहे. वाफ उडून जाते. प्रयोगशाळेत जे टिकलं ते उघड्या ओसरीवर, वाऱ्यात, बंगळुरूच्या संध्याकाळच्या सरीत किती टिकणार? फवारा रोजच्या रोज मारायचा तर पूजेइतका नेम पाळावा लागतो, आणि मांजराच्या दृष्टीनं हे तेल घातक. तिनं ते अंगावर घेऊन चाटलं तर नैसर्गिक उपायाची किंमत जनावरांच्या डॉक्टरकडे मोजावी लागते. दाराच्या चौकटीच्या एखाद्या फटीपुरता बोळा ठेवायला हरकत नाही. त्यापलीकडे सगळ्यांत मोठा लाभ सिट-आऊटला छान वास येतो हाच.

खरा प्रश्न वेगळा आहे. कोळी तिथं येतो कशाला?

व्हिएन्नात डॅन्यूब कालव्यावर एक पादचारी पूल आहे. त्याच्या कठड्यावर नळीदिवे. आस्ट्रिड हायलिंग या संशोधिकेनं तिथल्या कोळ्यांवर काम केलं आणि 1999 साली ते प्रसिद्ध केलं. उजेडातल्या कठड्यावर जाळ्यांची दाटी, अंधाऱ्या कठड्यावर तुरळक वस्ती. इथवर कुणीही म्हणेल, जिथं किडे तिथं कोळी. पण पुढचा भाग चक्रावून टाकणारा आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या, दिव्याखाली शिकार कधीच न केलेल्या कोळ्यांना निवड दिली, तेव्हा त्यांनीही उजेडाचीच बाजू धरली. दिव्याखाली जेवण मिळतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता व्हाइटफील्डचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. खाली वर्तूर तलाव, अधेमधे नल्लूरहळ्ळी, शीलवंतन केरे. 2015 साली वर्तूरच्या पाण्याचा फेस रस्त्यावर उडत होता, ती छायाचित्रं देशभर पोचली. सांडपाण्याच्या अशा तळ्यात मासा गुदमरतो, पण चिलटांच्या काही जातींचं मस्त चालतं. त्यांच्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लालबुंद दिसतात आणि नावापुरत्या प्राणवायूतही गाळात तग धरतात. पंख फुटले की ही चिलटं दिव्यावर येतात. चावत नाहीत, नुसती थव्यानं येतात. एप्रिलमध्ये वळवाची पहिली सर पडली की त्यांच्या जोडीला पंखवाली वाळवी. बंगळुरूला किडे गारठून मरावेत अशी थंडीही नाही. म्हणजे वर्षभराची पंगत, आणि पांढराशुभ्र एलईडी लावून पान मांडायचं काम घरमालकानंच केलेलं.

त्यामुळे सगळ्यांत परिणामकारक नैसर्गिक उपाय औषधांच्या नव्हे, विजेच्या दुकानात मिळतो. पांढऱ्या-निळसर दिव्याकडे किडे जास्त ओढले जातात, पिवळसर दिव्याकडे कमी. खोक्यावर 2700 केल्विन किंवा त्याहून कमी आकडा पाहून बल्ब घ्यावा. त्यातही कमी वॅटचा, वरून झाकलेला, उजेड फक्त पायरीवर पाडणारा. दिवा दाराच्या डोक्यावरून काढून फाटकाशी नेला तर आणखी बरं, कारण किडे तिकडे आणि कोळीही तिकडे. माणूस आला की पेटणारा, गेला की विझणारा सेन्सरचा दिवा तर उत्तमच. पण व्हिलाची किंमत त्याच्या दिव्यांच्या झगमगाटावरून ठरते असा तिथला समज असल्यामुळे हा उपाय ऐकून माणसं मान डोलावतात आणि पुदिन्याचं तेल मागवतात.

दिवा बदलायच्या आधी एकदा तरी झोपाळ्यावर बसून पाहावं. दिवेलागण झाली की छताच्या पन्हाळीखालून वाटाण्याएवढी, मातकट, पायांवर पट्टे असलेली मादी उतरते. निओस्कोना वंशातली, दिवसभर ती पाय पोटाशी घेऊन एखाद्या फटीत पडून असते. आधी ती वाऱ्यावर एक धागा सोडते. तो समोरच्या खांबाला अडकला की त्यावरून जाऊन तो पक्का करते, मग मधून खाली लोंबकळत इंग्रजी वाय अक्षराचा आकार काढते. चौकट झाली, आरे झाले, मग आतून बाहेर जाणारी एक विरळ, न चिकटणारी वळणं. ही तात्पुरती परांची. आता ती बाहेरून आत यायला लागते. मागच्या पायानं चिकट धागा ओढायचा, पुढच्या पायानं अंतर मापायचं, आऱ्याला टाचायचा, आणि वाटेत परांचीचा धागा सोडवत यायचं. तासाभराच्या आत जाळं तयार. पहाटे ती ते बरंचसं गुंडाळून खाऊन टाकते, आणि त्यातली प्रथिनं पुढच्या जाळ्यात परत येतात. डेव्हिड पीकल यांनी 1971 साली रेशमाला किरणोत्सारी खूण करून तपासलं, तेव्हा खाल्लेलं रेशीम तासाभराच्याही आत नव्या धाग्यात उतरलेलं आढळलं.

इथं मराठी घराची एक पंचाईत होते. दिवे लागल्यावर केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते, असं आज्यांनी शिकवलेलं. आणि ही बाई नेमकी दिवेलागणीलाच कामाला लागते. सकाळी कामवाल्या अक्का कुंचा घेऊन येतात तेव्हा जाळ्याचे दोन-चार ताणे तेवढे उरलेले. ते निघतात, मादी फटीत सुखरूप, आणि संध्याकाळी पुन्हा जाळं. मग वाटतं, झाडून काही उपयोग नाही. उपयोग असतो, फक्त वेळ साधायला हवी. दोन-तीन संध्याकाळी लागोपाठ जाळं अर्ध्यावर असतानाच मोडलं, तर रेशीमही गेलं आणि शिकारही. अशी जागा बहुतेक मादी सोडते. लक्ष्मीची चिंता असेल तर कुंचा नको, पाणी द्यायची झारी चालते. किंवा रुंद तोंडाचा काचेचा पेला आणि एक जाड कागद घ्यावा, तिला अलगद पेल्यात घ्यावं आणि आवाराच्या टोकाच्या जास्वंदीवर सोडावं. ती चावायला धावत नाही. दारात भेटणाऱ्या कोळ्यांत माणसाला अपाय करण्याजोगा सहसा कुणी नसतो.

सासूबाईंना दिसली ती जळमटं हिची नव्हेतच. ती असतात लांबलचक, केसासारख्या पायांच्या घरकोळ्याची, शास्त्रीय नाव क्रॉसोप्रायझा लायोनी. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, धक्का लागला की अंग इतक्या वेगानं गरगरवतो की दिसेनासाच होतो. याला जुनं जाळं खायची सवय नाही. त्यावर धूळ बसते, तो शेजारी नवं विणतो, त्यावर पुन्हा धूळ. नीट पाहिलं तर एखाद्या मादीच्या तोंडात फिकट मण्यांचा पुंजका दिसेल. ती तिची अंडी. दोन-चार धाग्यांत कशीबशी बांधलेली ही मोळी ती पिल्लं बाहेर येईपर्यंत जबड्यात धरून बसते. एवढं पाहिल्यावर कुंचा उचलणाऱ्याचा हात थबकला तर नवल नाही.

थबकायला दुसरंही कारण आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचा शिकारी म्हणून याच कोळ्याचा अभ्यास थायलंडमध्ये झाला, 1997 साली तो प्रसिद्ध झाला. कर्नाटक सरकारनं 2024 च्या सप्टेंबरमध्ये डेंग्यूला साथीचा रोग म्हणून अधिसूचित केलं. घरकोळी डेंग्यू हटवेल असं नाही; कुंडीखालच्या बशीतलं पाणी ओतून देणं हजारपट मोलाचं. पण डासांची तक्रार करत डास खाणाऱ्याला हाकलणं हा उलटा व्यवहार झाला. धुळीची जळमटं काढावीत, कोपऱ्यातला कोळी राहू द्यावा, एवढी तडजोड बहुतेक घरांत चालून जाते. सासूबाईंची नजर पोचत नाही अशा कोपऱ्यात तर नक्कीच.

तिरुच्चीजवळच्या तिरुवानैक्कावल देवळाची कथा इथं आठवते. शिवलिंगावर झाडाची पानं गळू नयेत म्हणून एका कोळ्यानं वर जाळ्याचं छत विणलं. रोज कावेरीचं पाणी सोंडेत घेऊन अभिषेकाला येणाऱ्या हत्तीला ती घाण वाटली. त्यानं ती धुऊन टाकली. कोळ्यानं पुन्हा विणलं, हत्तीनं पुन्हा धुतलं. शेवटी चिडलेला कोळी सोंडेत शिरला आणि दोघंही मेले. कथा म्हणते, तोच कोळी पुढच्या जन्मी कोचेंगट चोळ राजा झाला आणि त्यानं हत्तीला आत शिरताच येणार नाही अशी उंच जोत्याची देवळं बांधली. दोघंही भक्त, दोघंही आपापल्या परीनं स्वच्छता करणारे, आणि दोघांच्याही मते घाण दुसऱ्याची. सोसायटीच्या बैठकीत जाळी काढण्याच्या ठेक्यावरून होणारे वाद ज्यांनी ऐकलेत त्यांना ही कथा पौराणिक वाटणार नाही.

नैसर्गिक म्हणावा असा आणखी एक बंदोबस्त सिट-आऊटवर आधीपासून हजर असतो, पण तोही घाण समजून काढला जातो. भिंतीवरचं ते मातीचं ढेकूळ. चिखलाच्या नळ्यांचं घर बांधणारी बारीक कमरेची गांधीलमाशी कोळ्यांना नांगी मारून लुळं करते, जिवंतच एकेका नळीत कोंबते, त्यांवर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. असं घरटं फोडलं की पाच-दहा कोळी भाजीच्या जुडीसारखे दाटीनं भरलेले मिळतात. ही माशी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पाल तर ठाऊकच आहे. बंगळुरातही ती दिव्यामागे बसून चुकचुकते आणि बोलणाऱ्याच्या वाक्याला साक्ष देते. फवारणीवाला येऊन गेला की पालीचं अन्न जातं, माशी जाते. कोळी टोकदार नखांवर चालतो, अंग जमिनीला टेकवत नाही, म्हणून भिंतीवर वाळलेल्या औषधाचा त्याला त्यामानानं कमी त्रास. तो नाही तर त्याचा भाऊबंद परत येतोच.

भिंतीवरून टुणटुण उड्या मारत येणारा, मोठ्या डोळ्यांचा, मान वळवून बघणारा छोटा कोळी या सगळ्या खटल्यातून वगळावा. तो शिकारीचं जाळं विणतच नाही. याच कुळातली ठाणे-कल्याण परिसरात सापडलेली एक नवी जात 2021 साली जाहीर झाली. 26/11 च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिचं नाव इसियस तुकारामी ठेवलं. 2019 मध्ये दुसऱ्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला सचिन तेंडुलकरचं नाव मिळालं. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या माणसानं निदान या घराण्याची तरी आब राखावी.

बाराव्या मजल्यावरचे लोक समजतात, हा व्हिलावाल्यांचा ताप. तसं नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं उंच टोकावर चढतात, पोट वर करून धागा हवेत सोडतात आणि वाऱ्यावर निघून जातात. 1832 साली अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून मैलोगणती दूर समुद्रात बीगल जहाजाच्या दोरखंडांवर असे हजारो चिमुकले कोळी उतरलेले डार्विननं पाहिले. 2018 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात दिसलं की वारा नसतानाही हवेतल्या विद्युतभाराच्या जोरावर ते उचलले जाऊ शकतात. जहाज गाठणाऱ्याला बाल्कनीचं काय? घटस्थापनेआधी घर झाडायला काढतात तो तर बऱ्याच जाळेवाल्या कोळ्यांच्या भरभराटीचा मोसम. पावसाळाभर खाऊन माद्या तेव्हा सर्वांत मोठ्या झालेल्या असतात आणि अंड्यांच्या कापसासारख्या पिशव्या कोपऱ्यांत लावत असतात. जाळ्यापेक्षा या पिशव्या शोधून काढल्या तर पुढचे काही महिने कुंच्याला विश्रांती. झोपाळ्याच्या कड्यांमागे, चपलांच्या कपाटाखाली, तुळशीच्या कुंडीच्या काठाला हात घालून पाहावं, हातमोजा घालून.

हे सगळं केलेल्या घरांतही एक जागा शेवटपर्यंत दाद देत नाही: दारावरचा सीसीटीव्ही कॅमेरा. वर टोपीचा आडोसा, खाली पकडायला खाच, शेजारी दिवा. कोळी भिंगासमोरच दोन धागे टाकतो. रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त किरण त्या रेशमावरून उलटे येतात, चित्र पांढरंफेक होतं, आणि मधूनच पडदाभर आठ पाय चालून जातात. मध्यरात्री मोबाइल वाजतो, दारात हालचाल आहे म्हणून. चोराच्या धास्तीनं उठलेला नवरा ते चित्र डोळे चोळत बघतो, शिडी शोधायला लागतो, आणि आतून सासूबाई विचारतात, “कोण आलंय रे एवढ्या रात्री?”